अस्सलबरहुकूम

ज्या वस्तूचे अस्सल आता कोणाच्याही दृष्टीस पडण्याजोगे उरलेले नाही, तिची नक्कल तयार करण्यात सुट्टीमागून सुट्टी खर्ची घालणे हा व्यवहारी माणसांच्या हिशेबी निव्वळ रिकामा उद्योग ठरेल, आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याच्या भरीस मी पडणार नाही. प्लॅस्टिकच्या विमानांचे नि हेलिकॉप्टरांचे जुने संच जोडणे हा माझा जुनाच नाद आहे. शेजारीपाजारी त्याला मुलांचा खेळ म्हणतात, आणि घरच्या मंडळींनी या बाबतीत समंजस मौन पत्करलेले आहे. सध्या टेबलावर आहे ते अमेरिकन नौदलाचे ‘सी किंग’ जातीचे हेलिकॉप्टर. एअरफिक्स या इंग्रज कंपनीच्या जुन्या साच्यातून निघालेला हा संच मूळ यंत्राच्या बहात्तराव्या हिश्शाचा आहे. मूळ यंत्राच्या माथ्यावर पाच पात्यांचा जो पंखा फिरे त्याचा व्यास सुमारे १९ मीटर. माझ्या टेबलावर तो २६ सेंटिमीटरांत मावतो.

जुन्या साच्यांची एक खोड असते. ते कोरणाऱ्या कारागिरांना सबंध पृष्ठभाग रिव्हेटांनी भरून टाकल्याखेरीज चैन पडत नसे, आणि आपण यंत्र किती बारकाईने पाहिले आहे याचा पुरावा म्हणून ते प्रत्येक रिव्हेट उंचवट्याने दाखवीत. परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्याला बहात्तराने गुणले की ३६ मिलिमीटर व्यासाचा रिव्हेट होतो, आणि तसले रिव्हेट रेल्वेच्या पुलावर शोभतील, उडणाऱ्या यंत्रावर नव्हेत. शिवाय धडाचे डावे-उजवे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. सांध्यात लांबी भरावी लागते, वाळू द्यावी लागते, मग ओल्या पॉलिश पेपरने घासावी लागते. हे सारे कष्टाचे असले तरी चिंतेचे नाही. चिंता सुरू होते ती डेकलांपाशी.

डेकल म्हणजे डिंकाचा लेप दिलेल्या कागदावरचा व्हार्निशचा पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर छापलेली शाई. कागद पाण्यात भिजला की डिंक सुटतो आणि चित्रासकट पापुद्रा अलगद सरकतो. यंत्रावरची चिन्हे, आकडे, अक्षरे, सूचना, सारे काही या पापुद्र्यांवर. प्लॅस्टिकचा भाग पन्नास वर्षे खोक्यात पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही; व्हार्निश मात्र पिवळे पडते नि तडकते. पिवळेपणावर एक ग्राम्य पण गुणकारी उपाय आहे: ते पत्रक खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हाला दाखवावयाचे, आपल्याकडच्या उन्हात ते काही दिवसांत बऱ्यापैकी उजळते. तडकलेल्या पापुद्र्यावर स्वच्छ व्हार्निशचा नवा हात दिला तर तोही कधीकधी सावरतो. माझ्या संचातले पत्रक या दोन्ही उपचारांच्या पलीकडे गेले होते. गरज नसलेले एक अक्षर शिरस्त्याप्रमाणे आधी पाण्यात सोडून पाहिले, तर त्याच्या काड्या काड्या होऊन वाटीभर पसरल्या. उरलेले पत्रक मग वापरावयाचा जिन्नस न राहता केवळ दस्तऐवज झाले, आणि नवी डेकले घरीच तयार करावी लागणार हे मुक्रर झाले.

माझे एक स्नेही आहेत, सागरी व्यवहारात आयुष्य घालवलेले. त्यांनी विचारले, “अहो, एवीतेवी सगळं नव्यानंच करताय, तर आपल्या नौदलाचा सी किंग करा की!” सूचना वाजवी होती. ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीने परवान्याने बांधलेले सी किंग १९७१ साली आपल्या नौदलाच्या ३३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले, आणि कुलाब्याच्या बाजूने समुद्रावर निघालेले ते अवजड धूड मुंबईकरांच्या ओळखीचे आहे. तरीही मी हट्टाने अमेरिकन ६६ क्रमांकाचेच हेलिकॉप्टर करावयास घेतले, त्याचे कारण त्या क्रमांकाच्या चरित्रात आहे.

चांद्रमोहिमेवरून परतलेली माणसे समुद्रात उतरत, आणि समुद्रातून त्यांना उचलून नौकेवर नेण्याचे काम हेलिकॉप्टरांकडे असे. अपोलो ८, १०, ११, १२ आणि १३ या पाच मोहिमांचे प्रवासी ज्या एका यंत्राने उचलले ते हे ६६. २४ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान हवाईच्या नैऋत्येस पॅसिफिकमध्ये पडताच उलटे झाले, आणि हवेच्या पिशव्या फुगल्यावर सुलटे झाले. पाणबुड्या सैनिकाने आतल्या तिघांना अंगभर झाकणारे पोशाख दिले आणि चंद्रावरचे जंतू पृथ्वीवर पसरतील या त्या वेळच्या शंकेपोटी यानाचे दार नि ती माणसे जंतुनाशकाने पुसून काढली. मग एकेकाला जाळीत बसवून वर ओढून घेण्यात आले, आणि यंत्र हॉर्नेट या विमानवाहू नौकेवर उतरले, जिथे अध्यक्ष निक्सन यांना त्या तिघांशी बंद खोलीच्या काचेतून बोलावे लागले. याच तिघांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईने प्रत्यक्ष पाहिले. परंतु जगाने दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांतून जे पाहिले त्यात माणसांचे चेहरे अभावानेच होते. होते ते अथांग पाणी, आणि करड्या-पांढऱ्या अंगावरचा तो ठळक काळा आकडा. तो इतका लोकांच्या डोळ्यांत बसला की जर्मनीत मान्युएला नावाच्या गायिकेने त्यावर गाणे म्हटले आणि डिंकी टॉइजने त्याचे धातूचे खेळणे काढले.

सरकारी शिरस्त्याला प्रसिद्धीचे सोयरसुतक नसते. अमेरिकन नौदलाने पुढे आकड्यांची पद्धत बदलून ते तीन अंकी केले, आणि या फेरफारात ६६ चे ७४० झाले. हे तसेच राहिले असते तर गोष्ट इथेच संपली असती. परंतु ज्या यंत्राला जग आकड्याने ओळखते ते ऐन वेळी भलत्याच आकड्याने आले तर कॅमेऱ्यांनी कोणाला ओळखावे, हा विचार कोणा वरिष्ठाच्या मनात आला असला पाहिजे. नंतरच्या मोहिमांच्या वेळी ७४० पुसून त्या जागी ६६ रंगवीत, आणि कामगिरी फत्ते झाली की पुन्हा ७४० करीत. हे वाचल्यापासून मला त्या अनाम रंगाऱ्याविषयी, ज्याने नौकेच्या डेकवर कापलेला साचा धरून, वाऱ्याला पाठ देऊन, काल पुसलेला आकडा आज पुन्हा चढवला त्याच्याविषयी, एक प्रकारची सगोत्रता वाटू लागली आहे. त्याने केले तेच मी करीत आहे: लोकांच्या स्मरणात असलेले एक चिन्ह, ते ज्या अंगावर आज नाही त्या अंगावर आणून बसवणे. मग त्याच्या हातचा आकडा अस्सल आणि माझ्या हातचा नकली, असा निवाडा कोणत्या कलमाखाली द्यावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर मला काम करता करता मिळाले, पण त्याआधी ते काम कसे चालते ते सांगितले पाहिजे. अमेरिकन लष्करी आकड्यांना गोलाई नसते. सरळ रेघा आणि पंचेचाळीस अंशांत छाटलेले कोपरे, एवढ्यावर त्यांचा सारा बांधा उभा असतो. जुन्या छायाचित्रात दाराच्या उंचीशी आकड्याच्या उंचीचे प्रमाण काढावयाचे, ते आलेख-कागदावर उतरवावयाचे, आणि मग संगणकावर रेखून पारदर्शक डेकल-कागदावर छापावयाचे. घरगुती छपाईयंत्राची शाई पाण्यात विरघळणारी असल्याने वर व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावे लागतात. काळ्या आकड्यांचा प्रश्न असा सुटतो. पांढऱ्याचा सुटत नाही, कारण या यंत्रांपाशी पांढरी शाईच नसते. कागदाचा पांढरेपणा हाच त्यांचा पांढरा रंग, आणि पारदर्शक कागदाला तोही नाही. जपानच्या आल्प्स कंपनीची पांढरे छापणारी यंत्रे एकेकाळी मिळत. ती बंद झाली, आणि तेव्हापासून या नादातली माणसे त्यांची आठवण उसासे टाकीत काढतात. नौदलाचे राष्ट्रचिन्ह म्हणजे निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, पट्ट्यांच्या मधोमध तांबडी रेघ. त्यासाठी मी आधी यंत्राच्या अंगावर ताऱ्यापेक्षा किंचित मोठे पांढरे ठिगळ रंगवून घेतले आणि त्यावर ताऱ्याची जागा मोकळी सोडलेला निळा छाप बसवला.

या ताऱ्याच्या पोटात पूर्वी एक तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवरील सूर्यबिंबाशी तो लांबून मिळताजुळता दिसे, आणि अशा घोटाळ्यात आपलीच माणसे आपल्याच गोळीला बळी पडण्याचे भय असल्याने १९४२ साली तो काढून टाकण्यात आला. बाजूचे पट्टे १९४३ मधले, आणि तांबडी रेघ १९४७ मधली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या आपल्या वैमानिकांच्या विमानांवरूनही तांबडा रंग याच कारणाने गेला होता. पुढे प्रजासत्ताकात केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ आले. चिन्हांचा इतिहास असा तपशिलात दडलेला असतो, आणि तो वाचावयाचा तर एकदा तरी ती स्वतःच्या हाताने काढावी लागतात.

चिन्ह बसवण्याआधी यंत्राचे अंग चकचकीत करून घ्यावे लागते. खडबडीत अंगावर डेकल ठेवले तर खाली हवा अडकते आणि कडेकडेने रुपेरी झाक मारते. रिव्हेटांच्या उंचवट्यांभोवती तर हमखास. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग ओल्या कागदावर आणखी थोडा वेळ स्वस्थ पडू देणे. तेवढ्यात अंगावर कुंचल्याने द्रावणाचा हात, ज्याला आंबूस, शिरक्यासारखा वास येतो कारण त्यात तेच आम्ल असते. चिमट्याने कागद टेकवला आणि बोटाच्या टोकाने पापुद्रा सरकवला की तो क्षणभर तरंगतो, हवा तिकडे वळतो, नि या क्षणापुरताच तो आज्ञाधारक असतो. नंतर कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढीत जावयाचे, आणि शेवटी मऊ करणारे दुसरे द्रावण. ते लागताच डेकल भयंकर सुरकुतते, आणि नवशिक्या माणसाला ते बोटाने सारखे करण्याचा मोह होतो. हात लावू नये. वाळता वाळता तो पापुद्रा एकेका रिव्हेटावर आपणहून घट्ट बसतो, आणि दुसऱ्या दिवशी आकडा रंगवलेला की चिकटवलेला हे जाणत्यालाही ओळखू येत नाही.

सर्वांत अखेरीस आला तो शेपटीकडचा बारीक क्रमांक: १५२७११. नौदलाने या यंत्राला दिलेला हा अनुक्रमांक. बहात्तराव्या हिश्शात त्याची उंची जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भरते, आणि चष्म्यावर भिंग धरल्याशिवाय तो वाचता येत नाही. तो बसवताना निवाडा माझ्यापुरता झाला. ६६ हा हुद्दा होता, आणि हुद्द्यावर नेमणूक होते, बदली होते, वेळप्रसंगी काढलेल्याला पुन्हा बोलावूनही घेतात. १५२७११ ही व्यक्ती होती. तो रंगारी ६६ पुसू शकत होता, ७४० लिहू शकत होता, परंतु या बारीक आकड्याला हात लावण्याचा अधिकार त्याला नव्हता. सॅन डिएगोच्या मिडवे संग्रहालयात आणि अलमेडाच्या हॉर्नेट संग्रहालयात आज ६६ क्रमांकाची सी किंग उभी आहेत, आणि ती पाहून पर्यटक हरखतात, छायाचित्रे काढतात. ती दोन्ही जन्माने निराळी यंत्रे असून त्या हुद्द्यावर मागाहून नेमलेली आहेत. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. हुद्दा रिकामा ठेवू नये, हा जुना नि शहाणा रिवाज आहे. माझ्या प्रतिकृतीचीही नेमणूकच आहे, फक्त पगारपत्रकात तिचा हिस्सा बहात्तरावा. खुद्द १५२७११ हे ४ जून १९७५ रोजी रात्रीच्या सरावात सॅन डिएगोजवळ समुद्रात कोसळले, त्यात वैमानिकाचा अंत झाला, आणि ते यंत्र पॅसिफिकच्या तळाशीच आहे.

एखाद्या वाचकाच्या माळ्यावर असा जुना संच पडून असेल तर एक विनंती. आतले डेकलांचे पत्रक पिवळे, तडकलेले, निरुपयोगी म्हणून केराच्या टोपलीत टाकू नका, आणि घाईने पाण्यातही बुडवू नका. आधी ते काचेवर सपाट ठेवून शेजारी मोजपट्टीसह त्याची प्रत काढून घ्या, कारण नवी डेकले करू पाहणाऱ्याला त्या मापांचा दाखला दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही.