आमच्या अमरावतीचे

टार्निटमध्ये जून महिन्यात रविवारी सकाळी कोणी लवकर उठत नाही. हीटर लावायचा, आल्याचा चहा करायचा आणि खिडकीतून शेजारच्या घराच्या कौलांवरचं धुकं बघत बसायचं. २०२५ च्या जूनमधल्या अशाच एका रविवारी मी पांघरूण घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि चक्क एका न्यायाधीशांचं भाषण लावलं.

आता माझा आणि कायद्याचा संबंध म्हणाल, तर घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करण्यापुरता. पण भाषण होतं भारताचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचं, आणि गवई अमरावतीचे! तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर तुम्हाला यातलं सुख कळणार नाही. प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा अमरावती त्यांचं सासर म्हणून आम्ही पेढे वाटले होते. हे तर जन्माने अमरावतीकर. फ्रेझरपुऱ्यात वाढलेले, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. त्यांना स्वतःला आर्किटेक्ट व्हायचं होतं, पण वडिलांच्या, म्हणजे रा. सू. गवईंच्या इच्छेखातर ते कायद्याकडे वळले. १४ मे २०२५ ला त्यांनी देशाचे ५२ वे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली आणि १० जूनला ते ऑक्सफर्ड युनियनमध्ये बोलले. ऑक्सफर्ड युनियन म्हणजे तिथल्या विद्यापीठातल्या मुलांची १८२३ पासून चालत आलेली वादसभा.

आवाज ऐकून आमची कन्या खाली आली. ती तेव्हा अकरावीत होती आणि तिने लीगल स्टडीज हा विषय घेतला होता. ज्युलिया गिलार्ड लायब्ररीत तासन् तास बसून ती त्याच्या नोट्स काढायची. (त्या बाई पंतप्रधान होण्याआधी, अगदी राजकारणात शिरण्याआधी, इथे आपल्या बाजूच्या वेरिबीत वकिली करायच्या, हेही मला तिनेच सांगितलं.) "हे कोण?" तिने विचारलं. "आपल्या अमरावतीचे," मी छाती फुगवून म्हणालो. ती पांघरुणाचं एक टोक ओढून घेऊन बसली.

गवईंनी सुरुवातच अशी केली की माझा चहा हातातच राहिला. काही दशकांपूर्वी भारतातल्या लाखो माणसांना अस्पृश्य म्हटलं जायचं, तुम्ही अपवित्र आहात, तुम्ही आमच्यातले नाही, तुमच्या वतीने दुसरेच बोलतील असं सांगितलं जायचं. आणि आज त्याच माणसांतला एक जण न्यायव्यवस्थेतल्या सर्वोच्च पदावरून तुमच्याशी बोलतो आहे, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही की काही नाही. कोर्टात तारीख सांगावी तसं. मग राज्यघटनेबद्दल बोलले. सगळे समानच आहेत असं सोंग ही घटना करत नाही, ती समाजात हस्तक्षेप करते, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयांनी सक्रिय असावं, पण त्या सक्रियतेची दहशत होऊ नये, असंही म्हणाले.

मी मनात टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, मग त्या वेळी आपण कोण होतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ज्यांना सांगितलं जायचं त्यांच्यातले, की सांगणाऱ्यांमधले?"

इथल्या मुलांना हा प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. त्यांच्या शाळेत प्रत्येक समारंभाच्या आधी या जमिनीच्या मूळ मालकांचं स्मरण करतात. ३ जून १९९२ चा माबो खटल्याचा निकाल तिला तोंडपाठ होता. सहा विरुद्ध एक मताने हायकोर्टाने मान्य केलं की ही जमीन कोणाचीच नव्हती हे म्हणणं खोटं होतं. आणि तो निकाल ऐकायला एडी माबो जिवंत नव्हता, जानेवारीतच गेला होता. हे ती मला जेवताना सांगायची आणि मी मान हलवायचो. दुसऱ्यांच्या इतिहासावर मान हलवायला काय जातं?

"सांगणाऱ्यांमधले," मी म्हणालो. मग बराच वेळ टीव्हीकडेच बघत बसलो.

आमचं घर अंबागेटच्या आत. दहावीत असताना फ्रेझरपुऱ्यातला एक वर्गमित्र माझ्याकडे गणितं सोडवायला आला होता. खरं तर मीच त्याच्याकडून शिकत होतो, भूमितीत तो माझ्यापेक्षा फार पुढे होता. आजीने त्याला आडनाव विचारलं. थोड्या वेळाने चहा आला. मला रोजच्या कपबशीत, त्याला मागच्या पडवीतल्या फळीवरच्या, दांडी तुटलेल्या कपात. कप खूप गरम होता. त्याने तो शर्टाच्या टोकाने धरला आणि चहा पिऊन स्वतःच नळाखाली विसळून उपडा घातला. मी सगळं पाहिलं आणि पुढचं प्रमेय काढलं. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द होऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुमच्याकडे नको बे, लायब्ररीत बसू." मी बरं म्हणालो. का, ते विचारलं नाही.

आजी प्रेमळ होती, हो. मला मास्टर्ससाठी मेलबर्नला पाठवताना तिने आपल्या पाटल्या मोडल्या. हे दोन्ही एकाच बाईने केलं.

कन्येला यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

मग ऑक्टोबर आला. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयात कामकाज चालू असताना एका वकिलाने गवईंच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. गवई जागचे हलले नाहीत, पुढचं काम चालू ठेवा म्हणाले. इकडे आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरचे विनोद सुरू झाले. एकाने हसरे चेहरे टाकले, दुसऱ्याने त्यावर कडी केली. मी ट्रेनमध्ये होतो, टार्निट स्टेशन येईपर्यंत वाचत राहिलो. एक वाक्य टाइप केलं, खोडलं, परत केलं. तेवढ्यात स्क्रीनवर बारीक अक्षरात आलं की माझा तो वर्गमित्र ग्रुपमधून बाहेर पडला.

स्टेशनच्या कार पार्कमध्ये गाडीत बसूनच मी त्याला फोन लावला. कित्येक वर्षांनी. तो आता सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, नागपूरला. बूट, ग्रुप, कोणत्याच विषयाला आम्ही हात लावेना. मी गवईंच्या भाषणाचं कौतुक सुरू केलं तर तो हसला. "त्यांचं सगळंच मले पटते असं नाही बे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या उपवर्गीकरणाच्या निकालात क्रीमी लेयरचं लिहिलं ना, त्यावर आमच्या घरी दोन दिवस भांडण चाललं. बायको म्हणे बरोबर, मी म्हणो चूक." मला वाटत होतं, तो नुसता अभिमानाने भरून आला असेल. तेवढा अभिमान मी एकटाच बाळगत होतो, आणि तोही फुकटचा.

मग मी म्हणालो, "तू एकदा आमच्या घरी आला होतास. दहावीत."

तो काही बोलला नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं रे."

"कपाले दांडी नव्हती," तो म्हणाला. आणि मग, माझ्या मुलीची बारावी कधी आहे, तिला कायद्याला जायचं आहे का, तिकडे त्याला किती वर्षं लागतात, ते विचारू लागला.