‘असतं तर’चं बळ

नेवासे

चि. ताईस,


पत्र पोचलं. ‘बांध वेळेवर दुरुस्त झाला असता तर पाणी वस्तीत शिरलं नसतं’ हे वाक्य वरिष्ठांनी तुझ्या अहवालातून काढायला लावलं, आणि आता तूही म्हणतेस की जे घडलं तेवढंच लिहावं. मला हे पटत नाही. अगं, तुझं ‘लिहावं’सुद्धा विध्यर्थी आहे! क्रियापदाच्या चार अर्थांपैकी एकटा स्वार्थ जे आहे, होतं, होईल ते सांगतो. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ या तिघांचं सगळं बोलणं जे अजून नाही किंवा घडलंच नाही त्याच्याबद्दल. ते तिन्ही काढून टाकले तर माणसाला ना काही मागता येईल, ना कशाचं कारण शोधता येईल. बांध फुटला ही बातमी झाली. तो का फुटला हे ‘असता तर’ म्हटल्याशिवाय कळत नाही. ते वाक्य परत घाल.

‘पाऊस झाला असता तर ज्वारी हाताला लागली असती’ हे आपल्या जिल्ह्यात ओट्याओट्यावर ऐकू येतं. त्यात नुसती हळहळ असते हे खरं. पण आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघ. दुष्काळानं खंगलेलं गाव, माणसं मजुरीसाठी बाहेर पडलेली. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान झालं, माथ्यापासून पाणी अडवलं गेलं, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं गावानं ठरवलं. मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. झालेला पाऊस मोजायचा, माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. पाऊस इतका झाला तर हे पेरू, नाही झाला तर ते सोडून देऊ. हळहळीतल्या त्या ‘तर’चं तोंड त्यांनी पुढच्या हंगामाकडे वळवलं.

आणि आपलं नेवासं. शके 1212, म्हणजे 1290 साली इथं ज्ञानेश्वरी पुरी झाली. ती सांगणारा म्हणजे वाळीत पडलेल्या घरातला, आईवडिलांना पारखा झालेला कोवळा मुलगा. ‘असते तर’ म्हणायला त्याच्याइतकं कारण कुणाला होतं? ग्रंथाच्या शेवटी, पसायदानात, तो मागतो ते बहुतेक ओकारान्त क्रियापदांनी. दुष्टांचा नाश मागत नाही, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा गळून पडावा म्हणतो. हे स्वार्थात बोलताच आलं नसतं. ‘वाकडेपणा जातो’ म्हटलं तर खोटं, ‘जाईल’ म्हटलं तर नुसतं भाकीत. ‘जावो’ म्हणणाऱ्याला मात्र त्या इच्छेच्या बाजूनं स्वतः उभं राहावं लागतं. रूप आज्ञार्थाचं, पण हुकूम कुणावर नाही. लहानपणापासून आपण पसायदान म्हणतो आणि या क्रियापदांवरून सरळ पुढे जातो, याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीला आलीस की इथल्या ज्ञानेश्वरीच्या पैस खांबाकडे जाऊ, मग सविस्तर बोलू.

तुझा,
मामा