पांढरा चॅप्लेन आणि १० गुण

त्या १० गुणांचा विषय निघाला की प्रस्तुत लेखकाचा आवाज आजही चढतो. घरच्यांना तो विषय पाठ झाला आहे, म्हणून तो इथे मांडतो.

इंग्लंडमधल्या एका गावातल्या हॉलमध्ये दर रविवारी काही प्रौढ माणसं प्लास्टिकच्या सैनिकांची लढाई खेळतात. खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने तो १९८७ साली बाजारात आणला. काळ कित्येक सहस्रकं पुढचा, आणि सगळीकडे युद्ध. त्यातले चिलखतधारी महायोद्धे म्हणजे स्पेस मरीन. साधारण हजारेक योद्ध्यांचा एक चॅप्टर. सैनिक आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे आणि फासे टाकून लढवायचे. एवढी ओळख पुरे.

प्रत्येक चॅप्टरचा रंग वेगळा असतो. अल्ट्रामरीन्स निळे, ब्लड एंजल्स लाल. चॅप्लेन मात्र या सगळ्यांत काळा. तो लढवय्या, तसाच पुरोहित. शिरस्त्राण कवटीच्या चेहऱ्याचं, हातात क्रोझियस आर्केनम नावाची गदा, अंगावर संरक्षक कवच निर्माण करणारं रोझेरियस नावाचं पदक. चॅप्टरची खूण बहुधा खांद्यावर तेवढी उरते.

लेखकाने आपला चॅप्लेन पांढरा रंगवला. चॅप्टर त्याने स्वतःच रचला होता. खेळात तशी पूर्ण मुभा आहे. तो वाढला त्या भागात माणसं मयताला पांढऱ्या कपड्यांत जातात. मग मृत्यूची आठवण करून देणाऱ्या पुरोहिताने काळंच का घालावं? शिवाय पांढरा रंगवणं कष्टाचं. कोरॅक्स व्हाइट दाट लावला तर खडूसारखा दिसतो, म्हणून पाण्याने पातळ करून थरावर थर चढवावे लागतात. काळ्याची अडचण उलटी. अबॅडन ब्लॅकवर सावली पडायला जागाच नसते, म्हणून एशिन ग्रे आणि मग डॉनस्टोनने कडा उजळून आकार दाखवायचा.

तर अशाच एका रविवारी त्या चॅप्लेनसह खेळलेला डाव संपला, गुण मोजले. समोरचे गृहस्थ निवृत्त, अत्यंत सभ्य. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “मला हा अपोथेकरी वाटला.” अपोथेकरी म्हणजे चॅप्टरचा वैद्य, आणि त्याचं चिलखत पांढरं. वैद्य समजून त्यांनी आपला सगळा मारा तिकडे वळवला होता. आयोजकांनी पुतळा उचलला, उलटसुलट पाहिला आणि लेखकाचे १० गुण कापले. लेखक सहा गुणांनी हरला!

हे १० गुण कसले? २०२० च्या आवृत्तीपासून १०० पैकी ९० गुण लढाईतल्या कामगिरीचे आणि १० ‘बॅटल रेडी’ सैन्याचे, म्हणजे पूर्ण रंगवलेल्या आणि पायथे नीट सजवलेल्या सैन्याचे. कोणता रंग, याबद्दल त्यात अक्षर नाही. लेखकाने मोबाइलवर नियम काढून दाखवला. आयोजक म्हणाले, नियमाचा हेतू पाहायचा असतो. हेतू! आणि डाव सुरू होण्याआधी लेखकाने प्रत्येक पुतळ्याची ओळख करून दिली होती, त्याचं काय? त्यावर कुणी काही बोललं नाही. खुर्च्या आवरायची वेळ झाली होती.

मुळात काळ्याचा हा आग्रह त्या कथाविश्वातही फारसा टिकत नाही. ब्लॅक टेंप्लर्सचा अख्खा चॅप्टर काळा. त्यांचा चॅप्लेन ग्रिमाल्डस कवटीच्या मुखवट्यावरून ओळखायचा. स्पेस वुल्व्ह्जमध्ये चॅप्लेन नसतोच. तिथे वुल्फ प्रीस्ट पुरोहिताचं आणि वैद्याचं अशी दोन्ही कामं करतो, आणि तोही काळ्या चिलखतात. म्हणजे काळा वैद्य चालतो, पांढरा पुरोहित चालत नाही! शिवाय चॅप्लेनची परंपरा आली वर्ड बेअरर्स या स्पेस मरीनांकडून. पुढे तेच आपल्या सम्राटावर उलटले, आणि त्यांचा पहिला चॅप्लेन एरेबस तर त्या फितुरीचा सूत्रधार. इतक्या डागाळलेल्या वस्त्राची शुचिता कुणी शिकवावी?

पण मध्यंतरी त्याच हॉलमध्ये एका पोराने झगझगीत सोनेरी चॅप्लेन मांडला. टेबलाच्या या टोकावरून तो सेनापती की पुरोहित, काही कळेना. “अरे, हा आहे तरी कोण?” असं लेखक जरा तुसडेपणानेच म्हणाला. गुण कापा असं म्हणाला नाही, पण मनात आलं होतं.

सध्या लेखकाच्या टेबलावर डार्क एंजल्स या चॅप्टरचा इंटरोगेटर-चॅप्लेन आहे. याचं काम पळून गेलेल्या गद्दारांकडून कबुली काढण्याचं. एका पश्चात्तापामागे एक काळा मोती मिळतो. अ‍ॅस्मोडाईसारख्या नामांकिताकडेही दोनच मोती आहेत. चिलखत काळं, पण त्यावर हाडाच्या रंगाचा लांब झगा. झगा आधी रंगवून झाला आहे. चिलखताचं लेखक बघतो आहे.