विश्रांतीच्या दिवशी साखर का उतरते?

"डॉक्टर, ट्रेकच्या दिवशी गोळी कमी घ्यायची हे समजलं. पण मधल्या सुट्टीच्या दिवशी काय करायचं?" मधुमेह असलेले रुग्ण अलीकडे हा प्रश्न वरचेवर विचारतात. पन्नाशी-साठीची मंडळी हिमालयात जातात, सायकलवर कोकण पालथं घालतात, याचा आनंदच आहे. पण बहुतेकांचा समज असा, की त्या दिवशी मेहनत नाही म्हणजे साखर वाढणार, तेव्हा गोळी पुरी घ्यावी. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. ते का, हे सांगायला आमच्या घरातलंच उदाहरण सोयीचं आहे. (नवऱ्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे.)

आम्ही दोघं बोडनसे या सरोवराभोवती सायकलने फिरत होतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या मधोमध पसरलेलं हे मोठं सरोवर. ऱ्हाइन नदी एका बाजूने त्यात शिरते आणि दुसरीकडून बाहेर पडते. काठाने सुमारे २६० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, बराचसा सपाट. ब्रेगेंझहून निघून लिंडाउ, फ्रिडरिक्सहाफेन, युबरलिंगेन असं करत तीन दिवसांनी आम्ही कॉन्स्टान्झला पोचलो. रोज साधारण ४० किलोमीटर, पाठीमागे सामान. चौथा दिवस विश्रांतीचा ठरवला होता.

नवऱ्याचं वय ५७. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या. यातली नुसती मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि रक्तात साखर आधीच कमी असली तरी लावत राहते. म्हणून त्याच्या मधुमेहतज्ज्ञांनी निघण्यापूर्वीच सांगितलं होतं, की ही गोळी पूर्ण टूरभर आणि नंतरचे दोन दिवस अर्धी घ्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्याची साखर ८२ भरली. घरी ती ११०-११५ असते. तो खूश. "आज कुठे मेहनत आहे, आज पुरी गोळी घेतो," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तुझ्या पायांना सुट्टी आहे, पायातल्या स्नायूंना नाही." गोळी अर्धीच राहिली. पण सुट्टीचा दिवस म्हणून नाश्ता मात्र त्याने परस्पर निम्मा केला, एक उकडलेलं अंडं आणि पावाचा एक तुकडा.

स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. काही तास सायकल चालवली की तो रिकामा होत जातो. तो पुन्हा भरायला २४ तास किंवा त्याहून जास्त लागतात आणि त्यासाठी स्नायू रक्तातली साखर ओढून घेत राहतात, आपण झोपलेले असलो तरी. शिवाय व्यायामानंतर एक-दोन दिवस तेवढंच इन्सुलिन जास्त प्रभावी ठरतं. तीन दिवसांची उधारी चौथ्या दिवशी वसूल होत असते. पहाटे आणि रात्री साखर उतरते ती यामुळेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

सामान हॉटेलात ठेवून आम्ही रायखेनाउ बेटाकडे निघालो. नेम एकच, चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं तर ती विश्रांती नव्हे. अशा हलक्या फेरीने आखडलेले पाय मोकळे होतात, म्हणून नुसतं पडून राहण्यापेक्षा मला ती बरी वाटते. बेटावर जायला पॉप्लरच्या झाडांमधून बांधीव रस्ता आहे. पुढे काचघरांत भाजीची शेती आणि इ.स. ७२४ मध्ये स्थापन झालेल्या मठाचं चर्च. इथला नवव्या शतकातला मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो याने आपल्या बागेतल्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये एक काव्य लिहिलं. त्याला धरून चर्चशेजारी औषधी वनस्पतींची छोटी बाग केली आहे. डॉक्टर माणसाचा पाय तिथून निघणं कठीण.

त्या काव्यात बडीशेप आणि पुदिन्याबरोबर दुधी भोपळाही आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं. घरी दुधीचं नाव काढलं की हा माणूस अर्धा तास बोलतो. तिथे नुसतं "हं" म्हणाला. हेल्मेटचा पट्टा दोनदा चुकीचा अडकवला. कपाळावर घाम, आणि हवा तर गार. तपासली तर साखर ६४.

७० च्या खाली म्हणजे उपचार लगेच, चर्चा नंतर. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. तरीही कमी असेल तर तेवढंच पुन्हा. चॉकलेट, बिस्किट यावेळी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

त्याच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या. पंधरा मिनिटांनी ९२. मग बाकावर बसून चीज-पाव खाल्ला आणि दुधीवरचं भाषण मला सव्याज ऐकावं लागलं. परतीची वाट आम्ही आणखी सावकाश काटली.

रात्री जेवण नेहमीइतकं, झोपताना साखर १२४. तरी पहाटे तीनचा गजर लावून एकदा तपासली, ९८ होती. सकाळी ऱ्हाइनच्या काठाने श्टाइन आम ऱ्हाइनकडे निघालो. नाश्ता पुरा, गोळी अर्धी.