पाठ झालेलं वाचन

आमच्या प्राथमिक शाळेत चित्र, गाणं, नाटक आणि मातीकाम शेवटच्या तासाला उरकली जात नाहीत. दिवसाची सुरुवातच त्यांनी होते. इथे मी पहिली-दुसरीला मराठी शिकवते. सुरुवातीची काही वर्षं, आपण मुलांना वाचायला शिकवतोय असं मला मनापासून वाटत होतं. बरीच मुलं शिकत नव्हती, आणि ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

नाटक-गाण्यात रमलेलं मूल अक्षरं आपोआप उचलतं, अशी माझी समजूत होती. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचून मी भारावले होते. गोष्टी सांगणारा, मुलांबरोबर नाटक करणारा त्यातला शिक्षक मला व्हायचं होतं. पण तो वर्ग चौथीचा आहे, ती मुलं वर्गातल्या वाचनालयातली पुस्तकं स्वतः वाचतात, याकडे मी लक्षच दिलं नाही. माझ्यासमोर बसलेल्यांना ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक अजून कळायचा होता.

डोळे उघडले ते दुसरीच्या नाटकाच्या तालमीत. कोल्ह्याचं काम करणारा मुलगा संहिता हातात धरून, ओळीखाली बोट फिरवत खणखणीत संवाद म्हणायचा. एकदा मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हा कुठला रे?” तो गप्प झाला. मग पहिल्या संवादापासून ओठातल्या ओठात पुटपुटत, एकेका शब्दावर बोट टेकवत निघाला आणि माझ्या बोटापाशी पोचल्यावर म्हणाला, “डोंगर.” उत्तर बरोबर होतं. पण तो शब्द त्याने वाचला नव्हता, मोजत मोजत गाठला होता.

त्यानंतर मी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत वापरतात तसा कागद घेऊन एकेका मुलाजवळ बसले. अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच त्यात असतं. बरीच मुलं सुट्या शब्दांपाशीच अडली. रंगमंचावर सर्वांत उठून दिसणारी काही त्यांत होती. एकदा ऐकलं की त्यांचं पाठ व्हायचं, त्यामुळे वाचायची गरजच त्यांना पडली नव्हती. मी वर्गाला एका सुरात वाचायला लावत असे. त्या आवाजात कोण वाचतंय आणि कोण मागून म्हणतंय, हे कळायला मार्गच नव्हता.

मग मी माझे तास आठवून पाहिले. मातीचा ‘क’, रांगोळीतला ‘क’, अंग वाकवून केलेला ‘क’. मुलं खूश असायची. पण ‘काकडी’त, ‘टोपली’त, ‘चाक’मध्ये ‘क’ ऐकू येतो का, कुठे येतो, हे किती वेळा विचारलं? क्वचितच. शिवाय क, ख, ग, घ या क्रमानेच जायचं आणि काना-मात्रा मागाहून, त्यामुळे कित्येक महिने मुलांच्या हाती वाचण्याजोगा शब्दच नसे. म, न, ल, र आणि काना एवढं एकत्र दिलं तरी मामा, नाना, माल, राम सुरू होतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तो अनुभव आपल्याच राज्यात असताना मी तिकडे वळले नव्हते.

लेखनातली चूक मला जास्त टोचते. आधी चित्र, मग त्याखाली लिहायचं, असा आमचा रिवाज. चित्रात सगळा वेळ जाई. मूल गोष्ट तोंडी सांगे आणि मी ती सुंदर अक्षरात खाली लिहून देत असे. पहिलीच्या सुरुवातीला ते ठीक होतं; मी दुसरी संपत आली तरी तेच करत राहिले. स्नेहसंमेलनातल्या चित्रप्रदर्शनात एका आईने विचारलं, “ताई, हे अक्षर तुमचंच ना? हिला काय काय लिहिता येतं?” मला उत्तर देता आलं नाही.

जी मुलं स्वतः लिहीत, त्यांच्या चुकांना मी हात लावत नसे. निर्मितीवर घाला नको, म्हणून. एका मुलीने ‘पिशवी’ऐवजी ‘पशिवी’ लिहिलं होतं. पहिली वेलांटी कानाला ‘प’नंतर ऐकू येते, म्हणून तिने ती ‘प’च्या पुढे काढली, पण आपल्या लिपीत ती अक्षराच्या आधी येते. तिचा तर्क चोख होता, फक्त लिपीचा नियम कोणीतरी सांगायला हवा होता. मी पानावर चांदणी काढली आणि पान भिंतीवर लावलं.

आमच्या शाळेत गाण्याच्या बाई रोज पलटे घोटून घेतात, आणि त्याने मुलांचं गाणं कोमेजेल असं कोणी म्हणत नाही. मी मात्र अक्षरांचा रियाज म्हणजे घोकंपट्टी समजून तो नाकारला. घरी वाचून घेणारं कोणी होतं त्या मुलांचं निभावलं. ज्यांना शाळेशिवाय दुसरा आधार नव्हता, त्यांचं नुकसान माझ्या हौसेमुळे झालं. त्यांतली काही पुढे दुसऱ्या शाळेत गेली आणि तिथे ‘कच्ची’ ठरली. त्यांची भरपाई मला करता आलेली नाही.

आता रोज अर्धा तास अक्षर, आवाज आणि नव्या शब्दांचा असतो, आणि दर महिन्याला प्रत्येक मूल माझ्याजवळ एकटं बसून न पाहिलेला मजकूर वाचतं. नाटक अजून आहेच, पण भूमिका ठरण्याआधी प्रत्येकजण संहितेतलं कुठलंही पान वाचून दाखवतो. कोल्हा झालेला तो मुलगा आता चौथीत आहे. जोडाक्षरांपाशी, विशेषतः रफारापाशी, तो अजून अडखळतो, म्हणून मधल्या सुट्टीनंतर थोडा वेळ माझ्याकडे येतो. यंदाच्या नाटकातला एक प्रवेश त्याने स्वतः लिहायला घेतला आहे.