सोळातल्या आठ लेन

सोलापुरात टॉवेल-चादरीचं डिझाइन करणाऱ्याला आता सपाट चित्र पुरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, टॉवेल बाथरूममध्ये टांगलेला दाखवा, घडी घातलेला दाखवा. म्हणून मी ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला एक वापरलेला संगणक पुण्याहून मागवला. कार्ड आत बसवलेलंच होतं. खोका तसाच बसच्या डिकीतून अडीचशे किलोमीटर आला. चालू केला तर पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटरवर फक्त ‘नो सिग्नल’.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हेच मला नीट माहीत नव्हतं. मागच्या बाजूला मॉनिटरची वायर लावायच्या दोन जागा दिसल्या, एक खाली कार्डाची, एक वर मदरबोर्डाची. वायर वरच्या जागी लावली आणि विंडोज उघडलं. प्रोसेसरमध्येही चित्र दाखवण्याची सोय असते, हे तेव्हा कळलं. सगळ्याच प्रोसेसरमध्ये ती नसते. माझ्या प्रोसेसरमध्ये होती म्हणून पुढचं सगळं जमलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नव्हतं. संगणकाच्या लेखी ते कार्ड अस्तित्वातच नव्हतं.

आमचं घर अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या शेजारी. कापसाचे बारीक तंतू इथे प्रत्येक वस्तूवर बसतात, त्यामुळे पहिला संशय त्यांच्यावर गेला. वीज बंद करून, वायर काढून कार्ड बाहेर घेतलं. तंतू नव्हते. पण स्लॉटच्या टोकाचं प्लास्टिकचं लॉक तुटलं होतं आणि ते टोक बोर्डापासून किंचित उचललेलं होतं. प्रवासात काय झालं असेल, ते बघताक्षणी लक्षात आलं. जड कार्डाची मागची बाजू स्क्रूनं कॅबिनेटला धरलेली असते, दुसरं टोक लोंबतं. बस हादरली की त्या टोकाचा सगळा मार स्लॉटवर.

मावसभावाच्या संगणकात माझं कार्ड लावलं, तिथे लगेच चित्र आलं. त्याचं छोटं कार्ड माझ्या स्लॉटमध्ये लावलं, दिसलं नाही. म्हणजे दोष स्लॉटचा. इथवर पोचल्याचा आनंद झाला आणि लगेच ओसरला, कारण पुढे काय, ते कोणी नीट सांगेना. एक म्हणाला बोर्ड फेकून दे, दुसरा म्हणाला स्लॉट नवीन लावून मिळेल. दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं?

आमचे आप्पा मागांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. संगणकातलं त्यांना काही कळत नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता. “कापडात उभी रेघ पडली की आम्ही आधी बघतो ती कुठनं निघालीय. जागेवरनं जकार्डचा हूक सापडतोय. तुझ्या त्या स्लॉटात तुटलंय कुठं?”

मोबाइलचा कॅमेरा झूम करून, बॅटरीच्या उजेडात मी स्लॉट बघत बसले. लांब स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंनी ८२-८२, एकूण १६४ संपर्क असतात. मागच्या टोकाजवळ एक आडवी पट्टी असते, कार्ड उलटं बसू नये म्हणून. पट्टीच्या अलीकडे, मागच्या स्क्रूकडच्या छोट्या भागात वीज येते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. पलीकडे माहितीच्या सोळा लेन एकामागून एक, प्रत्येकीला चार तारा. माझ्या स्लॉटची एक पिन पट्टीला लागूनच वाकलेली होती. काही पिना पार लॉकच्या टोकाला, उचललेल्या प्लास्टिकबरोबर जागेवरून सुटल्या होत्या.

नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी भिंगाखाली बघितलं. मदतनिसाशी तेलुगूत काहीतरी बोलले, मग मला म्हणाले, “ताई, स्लॉट बदलू नका. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता ओढून घेतात. एवढे टाके सोडवताना आतली रेघ तुटली तर बोर्ड गेलाच. आधी पिन सरळ करून बघू की.” त्यांनी सुईसारख्या हत्यारानं ती पिन हळूहळू उभी केली. वीज देण्याआधी मीटर लावून बारा व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, हे तपासलं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. वीज येते त्या भागातल्या पिना एकमेकींना टेकल्या असत्या, तर चांगलं कार्डही जळलं असतं.

कार्ड दिसलं! पण कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्राममध्ये लिहून आलं, ‘एक्स १६ ३.० @ एक्स ८ १.१’. दोन्ही आकडे कमी बघून माझ्या काळजात धस्स झालं. दादांनी कार्डाला काम दिलं, तसा १.१ चा ३.० झाला, रिकामं असताना कार्ड वेग उतरवून ठेवतं. लेन मात्र सोळाऐवजी आठच राहिल्या. लॉककडच्या टोकाला शेवटच्या आठ लेन असतात, त्यातल्या काही तुटलेल्या, म्हणून बोर्ड आणि कार्ड यांनी आपसात जुळवून पहिल्या आठांवर काम सुरू केलं. पट्टीला लागून पहिली लेन आणि ताल देणारं घड्याळ असतं. आधी तिथलीच पिन वाकली होती, तेव्हा ही जुळणी सुरूच होत नव्हती.

तुटलेल्या भागावरून काय बिघडेल, हे एवढं रेखीव ठरलेलं असतं, याचं मला अजून नवल वाटतं. ब्लेंडरच्या कामात चित्राचं सामान एकदा कार्डाच्या मेमरीत गेलं की पुढची गणितं कार्ड आतच करतं, त्यामुळे आठ लेनवर मला अडचण जाणवलेली नाही.

लॉक तुटलेलंच आहे. कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली आता उभा टेकू लावला आहे. संगणक कुठे न्यायचा झाला तर कार्ड काढून वेगळं गुंडाळायचं, हे मी खोक्यावर मार्करनं लिहून ठेवलं आहे.