गळतीच्या मागावर ताम्हिणीत

पावसाळी ट्रिपला लोक काय काय नेतात? वॉटरप्रूफ सॅक, जादाचे मोजे, बदलायला ट्रॅक पँट. आम्ही नेलं ते असं: रद्दीचा गठ्ठा, टॉर्च, सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आणि आई.

त्याचं झालं असं, की आमची गाडी आहे 1999 ची. कुठली ते सांगत नाही, पण पांढरी, चौकोनी आणि डुगडुगणारी म्हटलं की निम्म्या वाचकांना आपल्या घरचीच आठवेल. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं. 2014 आणि 2019 चं बाबांनी केलं, 2024 चं मी. गाडी पळते मस्त. फक्त पाऊस पडला की पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी तळं साचतं. कार्पेट स्पंजासारखं फुगतं आणि आत बसलं की ओल्या गोधडीचा वास! मागच्या मे महिन्यात कार्पेट उचललं तर खालच्या पत्र्यावर रुपयाएवढा गंज. दादाने फोनवर निकाल देऊन टाकला, "स्क्रॅपला दे. सर्टिफिकेट मिळतं, नवीन गाडीच्या वेळी वापरता येतं." आईने त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

एका गॅरेजमध्ये दाराचं रबर बदललं. गळती कायम. दुसऱ्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलंट फासलं. गळती कायम, वर काळे डाग फुकट. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ओल्या पत्र्यावर बोट फिरवून वास घेतला. चिकट आणि गोडसर असेल तर कूलंट, एसी चालू असतानाच पाणी येत असेल तर एसीची नळी तुंबलेली, नुसतं स्वच्छ पाणी असेल तर पाऊस. आमचा पाऊसच निघाला.

मग त्यांनी पाइपची टेस्ट शिकवली. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. सुरुवात खालून करायची, दाराच्या तळापासून. थोडं थांबत वर सरकायचं. एकदम टपावर पाइप धरलात तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या रबरावर टाल्कम पावडर भुरभुरवायची. पावडर जिथे धुऊन जाईल तिथून पाणी आत येतंय. हे सगळं आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गुलमोहराखाली, वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली केलं. आत थेंब नाही! सेक्रेटरींचं पाण्याच्या वापरावर लेक्चर मात्र मिळालं.

"खऱ्या पावसात न्या," मिस्त्री म्हणाले. पुण्यात वर्षभरात पडून पडून सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. जुलै 2025 मधल्या एका मंगळवारी सुट्टी टाकली. (वीकेण्डला चुकूनही जाऊ नका. धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात.)

चांदणी चौक सोडला, भूगाव, पिरंगुट, पौड. कार्पेट काढून नुसत्या पत्र्यावर पेपर अंथरले होते. कुठला पेपर आधी भिजतो ते बघायचं, एवढीच आमची टेक्नॉलॉजी. आई तिच्या नेहमीच्या डाव्या सीटवर. मागे बस म्हटलं तर "मागे मला लागतं" म्हणाली.

पौडच्या पुढे भाताची खाचरं सुरू होतात आणि मग अचानक मुळशीचं पाणी. चहा आणि कांदाभजीसाठी थांबलो. हे धरण होऊ नये म्हणून 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्यातच. गंमत म्हणजे मुळा नदी वाहते पूर्वेला, पण धरणाचं पाणी वळवून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. पाणी दिसतं एकीकडे आणि निघतं भलतीकडे. आमच्या गाडीसारखंच!

घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. वायपर फुल स्पीडला. काही वळणं गेली आणि आई शांतपणे म्हणाली, "उजवीकडे वळलीस की पडतं. डावीकडे वळलीस की थांबतं."

"तुला कसं माहीत?"

"दर पावसाळ्यात असंच पडतं. मी पायात दुधाच्या पिशव्या घालून बसायचे."

"आणि बाबांना सांगितलं नाहीस?"

"घाटात ते किती खूश असायचे. सांगितलं असतं तर पुढच्याच वळणावर गाडी थांबवून पाने काढले असते."

यावर काय बोलणार? रस्ता रुंद होता तिथे कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले, छत्री धरून बॉनेट उघडलं. उजव्या वळणावर पाणी डावीकडे सरकतं, म्हणजे आधी कुठेतरी साचलेलं असणार. आणि काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत, एक लांबट पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे येऊन दोन्ही बाजूच्या भोकांतून खाली रस्त्यावर जातं. आमच्या पन्हळीत गुलमोहराच्या बारीक पानांचा वर्षानुवर्षांचा लगदा होता. भोकं गच्च. पाइपच्या दोन मिनिटांत ती काठोकाठ भरत नव्हती, म्हणून पार्किंगमध्ये गाडी कोरडी. इथे भरत होती, आणि वळणावर हिंदकळून ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट आईच्या पायावर.

चहाच्या कपाने लगदा उपसला. केबल भोकात घालून ढोसत राहिले. आधी काहीच नाही, मग 'गुळूक' असा आवाज आला आणि गाडीखालून चॉकलेटी पाण्याची धार लागली. आई छत्री धरून चक्क टाळ्या वाजवायला गेली, आणि मी भिजले.

नंतर मिस्त्रींनी गंज घासून पत्र्याला पॅच मारला, अँटी-रस्ट रंग दिला. गाडी आता गुलमोहराखाली लावत नाही. टपाच्या एका कोपऱ्यातून अजून अधूनमधून थेंब येतो, त्याचा तपास पुढच्या जुलैत. दादाला फोटो पाठवले, त्याने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे होकार धरून चाललोय.

त्या दिवशी मात्र आम्ही विळ्यापर्यंत उतरलो आणि त्याच पावसात तोच घाट परत चढलो. प्रत्येक उजव्या वळणाला मी विचारायचे, "पडलं?" आणि आई म्हणायची, "नाही." सहा-सात वळणांनंतर तिचं उत्तर येईना. बघते तर ती वाकून पायाखालचा पेपर वाचत होती.

"अगं, हा मार्चमधला आहे," ती म्हणाली. "कोडं पण कोणी सोडवलेलं नाही. पेन आहे का?"